येण्याच्या आदल्या दिवशी चेहरा घासू नका
(कोरड्या त्वचेसाठी आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘ताई, एवढा कोंडा तेवढा काढून द्या.’ थंडी सुरू झाली की आमच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. नाकाच्या कडेला पांढरे पापुद्रे सुटलेले असतात, फाउंडेशन धरत नाही आणि दोन दिवसांवर कार्य येऊन ठेपलेलं असतं. म्हणून ‘स्क्रब जरा जोरात करा’ अशी फर्माईश होते. बऱ्याच जणी तर ते काम आदल्या रात्री घरीच उरकून येतात. कुणी साखर-लिंबू चोळतं, कुणी मसुरीचं जाडसर पीठ. एकींनी अंघोळीची घासणीच चेहऱ्यावर फिरवली होती.

अशा चेहऱ्याला आम्ही त्या दिवशी हात लावत नाही. यावरून वाद होतात, म्हणून हे पत्रक.

तो कोंडा म्हणजे मळ नव्हे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी रोजच गळत असतात, पण एकेक करून, त्यामुळे आपल्याला दिसत नाहीत. त्यांना एकमेकींपासून सोडवणारी एन्झाइम्स त्वचेतच असतात आणि त्यांना काम करायला पाणी लागतं. त्वचेतलं पाणी घटलं की पेशी सुट्या होत नाहीत, पुंजक्याने चिकटून राहतात आणि पापुद्रा होऊन वर येतात. म्हणजे कोंडा पाण्याच्या टंचाईमुळे झाला. तो घासून काढला की खालचा अर्धाकच्चा थर उघडा पडतो, तिथून पाणी आणखी वेगाने उडतं आणि कोंडा पुन्हा येतो, आधीपेक्षा जास्तच. पावसाळ्याच्या तोंडावर कौलं सरकली म्हणून कुणी ती झाडूने खाली ओढत नाही, तसंच हे.

सुरुवातीच्या दिवसांत मीही ऐकलं नाही. गडहिंग्लजहून एक काकू आल्या होत्या. लांबून आल्यात, परत कसं पाठवायचं, म्हणून मी त्यांच्या लिंबू चोळलेल्या गालांवर क्लीनअप केलं. साधं क्रीम लावतानाही त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पुढचे चार दिवस गाल टोमॅटोसारखे लाल होते. चूक माझी होती. तेव्हापासून घासलेला चेहरा दिसला की तारीख किमान सात दिवस पुढे जाते. अॅडव्हान्स बुडत नाही, पण तुमची फेरी फुकट जाते आणि आमचा सव्वा तास रिकामा जातो.

घरी स्वतःच तपासायचं असेल तर पायाच्या नडगीवर नखाने हलकी रेघ ओढा. खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उठली, तर कोरडेपणा चेहऱ्यापुरता नाही. मग फेशियलच्या आधी न्हाणीघराकडे बघा.

बंबाचं कढत पाणी अंगावर घ्यायला बरं वाटतं, पण त्वचेतली स्निग्धता तेच पळवतं. कोमट पाणी घ्या, दहा मिनिटांत अंघोळ आटपा. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे साबणाचा साका अंगावर बसतो, तो नीट धुऊन काढा. साबणाच्या वेष्टनावर ‘76 टक्के टीएफएम’ (म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण) दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं. साबण चांगला असतोच, पण कोणताही खरा साबण अल्कधर्मी, पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा, 7 च्या वर अल्क, खाली आम्ल) साधारण 9 ते 10. त्वचेचा पीएच 5 च्या आसपास. म्हणून चेहऱ्याला साबण नको, आणि अंगाला काख, जांघा, पावलं एवढ्यापुरता पुरे.

अंग टिपल्यावर, ते ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा. साडी नेसून, डबे भरून, मग आठवण झाली तर निम्मा फायदा गेला. ‘आम्ही खोबरेल लावतो की’ असं बऱ्याच जणी म्हणतात. लावा, पण ओल्या अंगावर. तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवून धरतं. आपल्याकडे दिवाळीला आधी तेल आणि मग उटणं, हा क्रम उगाच नाही. हल्ली तेल गाळून नुसतं उटणं खसाखसा चोळतात.

टाचांचं गणित वेगळं. तळपायाला तेलग्रंथीच नसतात, त्यात आपली कोल्हापुरी मागून उघडी. भेगांना 10 टक्के युरियाचं क्रीम रात्री लावून सुती मोजे घाला. ते चेहऱ्याला लावू नका.

आमच्याकडच्या कोरड्या त्वचेच्या सेवेत वाफ जवळजवळ नसते, ब्लीच तर नाहीच. सेरामाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) आणि ग्लिसरीनचे थर, हलका मसाज, वर मास्क. ‘एवढे पैसे घेता आणि घासतसुद्धा नाही?’ असं तोंडावर विचारलेलं आहे. न घासण्याचेच पैसे आहेत, असं मी हसून सांगते. नवी पेशी खालून वर यायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. त्यामुळे एका बैठकीत चमत्कार होत नाही. महिन्याच्या अंतराने तीन बैठका आम्ही सुचवतो. लग्नाची तारीख ठरली असेल तर तीन महिने आधी या, तीन दिवस आधी नव्हे.

कातडीला चिरा पडून रक्त येत असेल, खाज झोपू देत नसेल, किंवा कोरडेपणासोबत वजन वाढतंय, केस गळताहेत असं असेल, तर आधी डॉक्टर. थायरॉइड आणि मधुमेहातही त्वचा अशीच कोरडी पडते. मैत्रिणीने दिलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब वापरत असाल तर लपवू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ती एकदम बंद केली तरी चेहरा पेटतो, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच.

पहिली पंधरा मिनिटांची तपासणी मोफत आहे. येताना घरात वापरता ते सगळं, साबणाच्या वेष्टनासकट, एका पिशवीत घालून आणा. चेहरा मात्र आहे तसाच आणा, कोंड्यासकट.