टॅमनी हॉल

टॅमनी हॉल : न्यूयॉर्क शहरातील डेमोक्रॅटिक पक्षाची स्थानिक संघटना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३०च्या दशकापर्यंत, अधूनमधूनचे खंड सोडता, शहराच्या कारभाराची सूत्रे तिच्या हाती होती. अमेरिकेत औद्योगिकीकरणाच्या काळात शिकागो, फिलाडेल्फिया, सेंट लुइस अशा बहुतेक मोठ्या शहरांत वॉर्डावॉर्डांतील मते बांधून ठेवणारी आणि त्या मतांच्या बळावर नोकऱ्या व कंत्राटे वाटणारी राजकीय यंत्रणा उभी राहिली होती. तिला तिथल्या बोलीत ‘मशीन’ आणि तिच्या प्रमुखाला ‘बॉस’ म्हणत. या सगळ्या यंत्रणांत टॅमनी सर्वांत जुनी, सर्वांत चिवट आणि सर्वाधिक बदनाम होती. तिच्याविरुद्ध सुधारकांनी पुनःपुन्हा चळवळी केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा निवडणुकीत यशस्वी झाल्या, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकल्या नाहीत. असे का व्हावे, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

संस्थेची सुरुवात १७८९मध्ये एका बंधुमंडळाच्या रूपाने झाली. लेनापे या मूलनिवासी जमातीचा प्रमुख तामानेंद याचे नाव तिने घेतले. पदाधिकाऱ्यांना ‘सेचम’ आणि सभागृहाला ‘विगवॅम’ म्हणण्याची हौसही त्यातूनच आली. आरंभी ती अमेरिकेत जन्मलेल्या कारागिरांची आणि लहान व्यापाऱ्यांची संस्था होती व परदेशातून येणाऱ्यांना तिथे थारा नव्हता. १८१७मध्ये आपल्या माणसाला उमेदवारी मिळावी म्हणून आयरिश लोक सभागृहात घुसले आणि तिथे रीतसर हाणामारी झाली, हे पुढचा इतिहास पाहता गमतीचेच म्हटले पाहिजे. १८२०च्या दशकात गोऱ्या पुरुषांसाठी मताधिकाराची मालमत्तेची अट गेली. १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळामुळे आयर्लंडमधून लोंढे येऊ लागले, तेव्हा हे नवे लोक म्हणजे मते आहेत हे टॅमनीने इतर कोणाहीपेक्षा आधी ओळखले. १८७०मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ९ लाख ४२ हजार होती आणि त्यांपैकी जवळजवळ ४४ टक्के लोक परदेशात जन्मलेले होते.

या माणसांना बंदरावर उतरल्यापासून सगळ्याचीच गरज असे: राहायला खोली, बांधकामावर रोजंदारी, नागरिकत्वाचा कागद, पोलिसाने पकडले तर जामीन. सरकारकडे यातले काही देणारे खाते नव्हते. खासगी धर्मादाय संस्था मदत करत, पण आधी अर्जदाराच्या चारित्र्याची चौकशी करत. टॅमनीचा वॉर्डपुढारी चौकशी करत नसे. आग लागली की तो बंबाच्या मागोमाग पोहोचे, बेघर झालेल्यांना कपडे व निवारा देई, मयताला आणि लग्नाला हजर राही, थंडीत कोळसा पाठवी. मोबदल्यात तो फक्त मत मागे. निवडणुकीच्या तोंडावर त्याचे न्यायाधीश हजारो जणांना घाईघाईने नागरिकत्व देऊन टाकत. मतपत्रिका तेव्हा पक्षच छापत असे आणि त्या उघडपणे पेटीत टाकल्या जात, त्यामुळे कोणी शब्द पाळला हे लगेच कळे. पालिकेतील नोकऱ्या याच हिशेबाने वाटल्या जात आणि नोकरी मिळालेल्याने पगाराचा काही भाग पक्षनिधीला द्यावा, हा अलिखित नियम होता.

या यंत्रणेतून लूट कशी होते, याचा धडा टॅमनीचा बॉस विल्यम ट्वीड (१८२३–१८७८) याने घालून दिला. तो खुर्च्या बनवणाऱ्याचा मुलगा. स्वयंसेवी अग्निशमन पथकाचा नायक म्हणून तो लोकप्रिय झाला. त्या पथकाचे चिन्ह असलेला वाघ पुढे व्यंग्यचित्रांतून टॅमनीचाच झाला. १८६०च्या दशकाच्या अखेरीस महापौर ओकी हॉल, लेखानियंत्रक रिचर्ड कॉनोली आणि पीटर स्वीनी यांच्यासह त्याची चौकडी जमली. त्याआधी शहराची सत्ता अनेक मंडळांत आणि ऑल्बनी येथील राज्य विधिमंडळात विखुरलेली होती. १८७०मध्ये विधिमंडळात भरपूर पैसा वाटून ट्वीडने शहरासाठी नवी सनद मंजूर करून घेतली आणि बिले तपासण्याचे काम आपल्याच लोकांच्या हाती आणले. कंत्राटदाराने बिल फुगवून द्यायचे, ते मंजूर झाले की मोठा हिस्सा चौकडीकडे परत करायचा, अशी रीत होती. हा हिस्सा वाढत वाढत ६५ टक्क्यांपर्यंत गेला. शहराची स्टेशनरी ट्वीडच्या छापखान्यातून येई आणि संगमरवर त्याचा हितसंबंध असलेल्या खाणीतून.

चेंबर्स स्ट्रीटवरील जिल्हा न्यायालयाची इमारत हा या कारभाराचा उत्तम नमुना होय. बांधकाम १८६१मध्ये सुरू झाले तेव्हा अडीच लाख डॉलर खर्च धरला होता. प्रत्यक्षात सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर गेले. त्यातली बिले आजही वाचण्यासारखी आहेत: तीन टेबले आणि चाळीस खुर्च्यांसाठी १,७९,७२९ डॉलर, अकरा तापमापकांसाठी साडेसात हजार. अँड्र्यू गार्व्ही या गिलाव्याच्या कंत्राटदाराने तर दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर लावले, आणि वृत्तपत्रांनी त्याला ‘गिलावेवाल्यांचा राजपुत्र’ ही पदवी दिली. मात्र इमारत कागदावरची नव्हती. ती खरोखर बांधली गेली, आजही उभी आहे आणि लोक तिला ट्वीडच्याच नावाने ओळखतात. मलिदा खाताना रस्ते, उद्याने, नळ या गोष्टी थोड्याफार होत राहिल्या, म्हणूनच सामान्य मतदाराला चोरी जाणवली नाही. पैसा करातून कमी आणि कर्जरोख्यांतून जास्त येत असल्याने करदात्यालाही ती लगेच टोचली नाही.

जानेवारी १८७१मध्ये जिल्ह्याचे हिशेब ठेवणारा जेम्स वॉटसन बर्फावरील घसरगाडीच्या अपघातात मेला आणि वह्या नको त्या हाती पडल्या. त्यांच्या नकला माजी शेरीफ जेम्स ओब्रायन याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला दिल्या. तो सुधारक वगैरे नव्हता, वाटणीत डावलला गेलेला टॅमनीचाच माणूस होता. कॉनोलीने देऊ केलेले ५० लाख डॉलर प्रकाशक जॉर्ज जोन्स यांनी नाकारले आणि जुलैत आकडे पहिल्या पानावर आले. ‘हार्पर्स वीकली’तील थॉमस नॅस्ट यांची व्यंग्यचित्रे त्याआधीपासून सुरू होती. आपल्या मतदारांना वाचता येत नाही, पण चित्रे दिसतात, अशी ट्वीडची तक्रार सांगितली जाते. सप्टेंबरमध्ये कूपर युनियन या संस्थेच्या सभागृहातील सभेत चौकडीविरुद्ध लढण्यासाठी सत्तर जणांची समिती नेमली गेली. पण चौकडी केवळ लोकक्षोभाने पडली असे समजणे भाबडेपणाचे होईल. रोखे विकत घेणाऱ्या बँकांचा शहराच्या पतीवरचा विश्वास उडाला होता आणि न्यायालयाच्या मनाई हुकुमाने खर्चाला खीळ बसली होती. पैसाच थांबल्यावर वाटायला काही उरले नाही. १८७३मध्ये ट्वीड २०४ आरोपांत दोषी ठरला. पुढे दिवाणी दाव्यात पुन्हा अटकेत असताना १८७५मध्ये तो निसटला आणि क्यूबामार्गे स्पेनला पोहोचला. तिथे नॅस्टच्या चित्रावरून, म्हणे मुले पळवणारा समजून, त्याला ओळखले गेले. १८७८मध्ये तो तुरुंगातच वारला. एकूण किती पैसा खाल्ला याचे अंदाज ३ कोटींपासून २० कोटी डॉलरपर्यंत जातात.

ट्वीड गेला, टॅमनी राहिली. याचे एक कारण सुधारकांच्याच दृष्टीत सापडते. त्यांतले बहुतेक व्यापारी, वकील आणि सुखवस्तू करदाते होते. त्यांच्या मते रोगाचे मूळ अडाणी, परदेशी मतदारात होते. ट्वीडविरुद्धच्या लढाईत नाव कमावलेले राज्यपाल सॅम्युएल टिल्डन यांनी नेमलेल्या आयोगाने १८७७मध्ये तर शहराच्या खर्चावर देखरेख करणारे मंडळ फक्त मालमत्ताधारकांनी आणि ठरावीक भाडे भरणाऱ्यांनी निवडावे, अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. पण गरीब माणसाने त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

हीच चूक १८९०च्या दशकात वेगळ्या वेशात पुन्हा झाली. धर्मोपदेशक चार्ल्स पार्कहर्स्ट यांनी १८९२मध्ये पोलीस आणि टॅमनीवर व्यासपीठावरून तोफ डागली आणि पुरावा गोळा करण्यासाठी वेशांतर करून ते स्वतः गुत्त्यांत व कुंटणखान्यांत फिरले. १८९४मध्ये पोलिसांची चौकशी करणाऱ्या लेक्सो समितीपुढे एका पोलीस कप्तानाने आपण या पदासाठी १५ हजार डॉलर मोजल्याचे कबूल केले. त्या वर्षी सुधारकांचे विल्यम स्ट्राँग महापौर झाले. सफाई खात्याचे प्रमुख जॉर्ज वॉरिंग यांनी झाडूवाल्यांना पांढरा गणवेश दिला आणि घोट्यापर्यंत घाण साचलेले गल्लीबोळ खरोखर स्वच्छ केले. हे काम गरीब वस्त्यांनी मनापासून वाखाणले. पण पोलीस मंडळाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी रविवारी दारूची दुकाने बंद ठेवण्याचा जुना कायदा कडकपणे लागू केला. आठवड्यातून एकच सुटी मिळणाऱ्या कामगाराला आणि सहकुटुंब बिअरच्या बागेत जाणाऱ्या जर्मनांना तो आपल्यावरचाच हल्ला वाटला. १८९६च्या नव्या कायद्याने हॉटेलांना रविवारी जेवणासोबत दारू देण्याची मुभा दिली, तेव्हा गुत्तेवाल्यांनी वर दहा खोल्या काढून हॉटेलची पाटी लावली आणि टेबलावर एकच वाळके सँडविच दिवसभर गिऱ्हाइकामागून गिऱ्हाइकापुढे फिरू लागले. १८९७मध्ये टॅमनी परत सत्तेवर आली. टॅमनीचे जुने पुढारी जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट सुधारकांना सकाळी फुलून दुपारी कोमेजणाऱ्या फुलांची उपमा देत. लाच खाणे वेगळे आणि कुठे उद्यान होणार हे आधी कळल्यावर तिथली जमीन घेऊन ठेवणे वेगळे, या दुसऱ्या प्रकाराला ते ‘सचोटीचा मलिदा’ म्हणत आणि त्यात त्यांना काहीच लपवावेसे वाटत नसे.

वॉर्डात मुरलेली सुधारणा दुसऱ्या वाटेने आली. डेन्मार्कहून आलेले वार्ताहर जेकब रीस यांनी फ्लॅश वापरून अंधाऱ्या भाड्याच्या चाळींची छायाचित्रे घेतली आणि चर्चा मतदाराच्या नीतीवरून त्याच्या खोलीकडे वळवली. लिलियन वॉल्ड या परिचारिकेने १८९३पासून लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या गरीब वस्तीतच राहून सेवाकेंद्र उभारले. १९०१च्या कायद्याने नव्या चाळींत प्रत्येक खोलीला उजेड-वारा आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र शौचकूप सक्तीचे झाले. २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल कंपनीच्या शिवणकारखान्यात आग लागली. एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली होत्या. टॅमनीच्या मतदारांच्याच त्या मुली. तेव्हाचे बॉस चार्ल्स मर्फी यांनी विधिमंडळातील आपले दोन तरुण पुढारी, रॉबर्ट वॅग्नर आणि अल् स्मिथ, यांना चौकशी आयोगावर जाऊ दिले. दोघे कारखान्या-कारखान्यांतून हिंडले आणि पुढच्या काही वर्षांत सुरक्षितता, कामाचे तास व बालमजुरी यांविषयी तीसहून अधिक कायदे झाले. ज्या पक्षयंत्रणेने सुधारकांना अर्धशतक झुलवले होते, तिच्याच मतांवर हे कायदे मंजूर झाले, हे सुधारकांच्या इतिहासांत क्वचितच ठळकपणे येते.

ऱ्हासाची कारणे मिश्र आहेत. गुप्त मतपत्रिका आणि परीक्षेने होणारी नोकरभरती यांनी जुने धागे सैल केले. १९२४च्या कायद्याने स्थलांतर आटले. १९३०च्या दशकात केंद्र सरकारच मदत देऊ लागल्यावर कोळशाच्या पोत्याचे मोल उरले नाही. शहराच्या कारभारातील भ्रष्टाचाराविषयी माजी न्यायाधीश सॅम्युएल सीबरी यांनी केलेल्या चौकशीत शेरीफ थॉमस फार्ली यांना पगाराच्या कितीतरी पट रक्कम बँकेत कशी आली हे विचारले असता त्यांनी घरातल्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवले. सीबरींनी तो ‘अद्भुत डबा’ असल्याचे त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. १ सप्टेंबर १९३२ रोजी महापौर जिमी वॉकर यांनी राजीनामा दिला आणि १९३४पासून महापौर झालेल्या फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी टॅमनीची पालिकेतील रसद तोडली. युनियन स्क्वेअरवर १९२९मध्ये थाटात बांधलेले नवे विगवॅम १९४३मध्ये विकावे लागले. ते विकत घेतले स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने.