नायट्रिक ऑक्साइड आणि उच्च रक्तदाब : आधी काय बिघडतं?

सशाच्या महाधमनीची पट्टी कापायची, कोमट द्रावणात टांगायची, वरून औषध सोडायचं आणि पट्टी आकसते की सैल पडते ते पाहायचं. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेतला हा जुना प्रयोग, आणि त्यातली एक विसंगती बरीच वर्षं सुटत नव्हती. अ‍ॅसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचं निरोप्या रसायन जिवंत प्राण्याला टोचलं की रक्तदाब उतरतो. टांगलेली पट्टी मात्र त्याच अ‍ॅसिटिलकोलिनने आकसते. १९७८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगशाळेत प्रयोगाचा ठरलेला क्रम चुकला आणि पट्टी चक्क सैल पडली. शोध घेतल्यावर कारण हाताळणीत सापडलं. कापताना पट्टीची आतली बाजू घासली जायची आणि पेशींच्या एकाच थराचं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, निघून जायचं. ते शाबूत राहिलं तर पट्टी सैल पडायची.

पुढचा पुरावा फार सुंदर आहे. अस्तर खरवडून काढलेली एक पट्टी घेतली आणि तिच्या आतल्या बाजूला अस्तर असलेली दुसरी पट्टी, तोंडाला तोंड लावून, चिकटवली. एकटी असताना अ‍ॅसिटिलकोलिनने सैल न पडणारी पहिली पट्टी आता सैल पडू लागली. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपून धमनीच्या भिंतीतल्या शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचत होतं. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या ‘काहीतरी’ला पुढे ईडीआरएफ, म्हणजे अस्तरावर अवलंबून असलेला शिथिल करणारा घटक, असं नाव पडलं. काही सेकंदांत नाहीसा होणारा हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असावा, असं दोन संशोधकांनी १९८६ च्या एका परिषदेत स्वतंत्रपणे मांडलं. लंडनजवळच्या एका गटाने १९८७ मध्ये तो वायू अस्तराच्या पेशींतून बाहेर पडताना प्रत्यक्ष मोजून दाखवला. या शोधाला मिळालेल्या १९९८ च्या नोबेल पारितोषिकात या लंडनजवळच्या गटाचा प्रमुख नव्हता. ती चूक होती असं मानणाऱ्यांत मीही आहे.

त्याआधीचं शतक एका परिच्छेदात सांगता येतं. छातीतल्या कळेवर अमिल नायट्राइट १८६७ पासून आणि नायट्रोग्लिसरिन १८७९ पासून दिलं जात होतं. याच नायट्रोग्लिसरिनपासून स्फोटकं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं आणि आठवडाभरात सवय होऊन थांबायचं. औषध का चालतं आणि काही दिवसांत त्याचा गुण का ओसरतो, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९७७ मध्ये मिळालं. नायट्रेट औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, ते गुआनिलेट सायक्लेज या एन्झाइमला चालना देतं, सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि स्नायू सैल पडतो. शरीर स्वतःही हाच रेणू बनवत असेल, हे मात्र त्या वेळी सिद्ध झालेलं नव्हतं.

आता खऱ्या गुंत्याकडे येऊ. तो ‘एंडोथेलियल डिसफंक्शन’, म्हणजे अस्तराच्या कामातला बिघाड, या शब्दाचा आहे.

१९८६ मध्ये रुग्णांच्या हृदयाच्या धमन्यांत अ‍ॅसिटिलकोलिन सोडून पाहिलं गेलं. निरोगी धमनी रुंदावली, चरबीचे थर साचलेली धमनी उलट आकसली. १९८९ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या हातात नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखणारं औषध सोडलं, तेव्हा हातातला रक्तप्रवाह घटला. म्हणजे हा रेणू संकटापुरता नसून दर क्षणी धमन्या उघड्या ठेवण्याचं काम करतो, हे माणसात दिसलं. १९९० मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर हाताच्याच धमनीत चाचणी झाली. अ‍ॅसिटिलकोलिनला प्रतिसाद मंद होता, पण थेट नायट्रिक ऑक्साइड पुरवणाऱ्या औषधाला ठीक होता. स्नायू धड, अस्तर बिघडलेलं, असा निष्कर्ष निघाला आणि डिसफंक्शन हा शब्द सगळीकडे पसरला.

इथपर्यंत शब्दाचा अर्थ काटेकोर होता : एका ठरावीक उत्तेजकाला धमनीने दिलेला कमी प्रतिसाद. पुढे तो सैल झाला. १९९२ मध्ये सुई न टोचता करता येणारी चाचणी आली. हाताला कफ पाच मिनिटं घट्ट बांधून ठेवायचा, सोडायचा, आणि रक्ताच्या लोंढ्याने धमनी किती रुंदावते ते अल्ट्रासाउंडवर मोजायचं. सोपी असल्याने ती धूम्रपान, मधुमेह, कोलेस्टेरॉल, वाढतं वय, सगळ्यांवर चालवली गेली आणि सगळीकडे ‘डिसफंक्शन’ सापडलं. सगळीकडे सापडणाऱ्या बिघाडाला कारण म्हणायचं की खूण, हा प्रश्न मग टाळला जाऊ लागला.

उच्च रक्तदाबात तो टाळता येत नाही. दाब वाढल्याने अस्तर झिजतं, की अस्तर आधी बिघडतं आणि मग दाब चढतो? १९९३ मध्ये रुग्णांचा दाब औषधांनी खाली आणूनही अ‍ॅसिटिलकोलिनचा प्रतिसाद सुधारला नाही. दाब हेच एकमेव कारण असतं, तर काही तरी सुधारणा दिसायला हवी होती. १९९४ मध्ये संशोधकांच्या दुसऱ्या गटाला तर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत प्रतिसाद शाबूतच आढळला. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं अस्तरातलं एन्झाइम काढून टाकलेल्या उंदरांचा दाब १९९५ मध्ये चढलेला दिसला. १९९६ मध्ये उच्च रक्तदाब असलेल्या पालकांच्या, पण स्वतःचा दाब सामान्य असलेल्या मुलांत प्रतिसाद मंद आढळला. शेवटच्या दोन गोष्टी ‘अस्तर आधी’ या बाजूला झुकतात आणि माझा कलही तिकडेच आहे. मात्र सगळ्याच रुग्णांत तसंच घडतं, असं १९९४ चा निकाल म्हणू देत नाही. एका नावाखाली एकाहून अधिक आजार असावेत, हा अर्थ मला अधिक पटतो.

या सैलपणाची किंमत रुग्णांनी मोजली. शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं ते एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून. ‘कमी पडतंय तर कच्चा माल द्या’ हा तर्क सरळ वाटला आणि आर्जिनिनच्या गोळ्या जोरात खपू लागल्या. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी आधीच थांबवली गेली आणि २००६ मध्ये निकाल छापला गेला. आकडा लहान आहे, हे खरं. पण या चाचणीत फायदाही कुठे दिसला नव्हता. आजारी धमनीत अडचण बहुतेकदा कच्च्या मालाची नसतेच. एन्झाइमची घडी विस्कटते आणि ते नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक अतिक्रियाशील रूप, बनवू लागतं. ते सुपरऑक्साइड उरलंसुरलं नायट्रिक ऑक्साइडही संपवून टाकतं.

दुसरी वाट अनपेक्षित ठिकाणाहून उघडली. बीटच्या रसातलं नायट्रेट लाळेत उतरतं, जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि पोटात गेल्यावर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. २००८ मध्ये निरोगी स्वयंसेवकांनी अर्धा लिटर रस प्यायल्यावर वरचा दाब सुमारे १० मिमी उतरला. लाळ गिळू न देता थुंकायला लावली की परिणाम नाहीसा व्हायचा. २०१३ मध्ये जंतुनाशक माउथवॉशने आठवडाभर गुळण्या केलेल्या निरोगी लोकांचा दाब २ ते ३.५ मिमी वाढला. २०१५ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ६८ रुग्णांवर चार आठवडे रस देऊन चाचणी झाली, आणि तिथेही दाब उतरलेलाच राहिला. नायट्रोग्लिसरिनसारखी सवय इथे जडलेली दिसली नाही, ही मला त्यातली सर्वांत मोलाची बाब वाटते.

औषध बनवणाऱ्यांनी मात्र अस्तराला वळसा घालणं पसंत केलं. नायट्रिक ऑक्साइड ज्या एन्झाइमला जागं करतं, त्यालाच थेट चालना देणारं पहिलं औषध २०१३ मध्ये फुप्फुसांतल्या धमन्यांच्या उच्च दाबासाठी मंजूर झालं. त्याच जातीचं दुसरं औषध २०२१ मध्ये कमकुवत झालेल्या हृदयासाठी आलं. रोजच्या साध्या उच्च रक्तदाबासाठी या जातीचं औषध अजून बाजारात नाही.