गडद रंगाच्या मोटारीसाठी पॉलिशिंग यंत्राची निवड

मोटारीच्या रंगावर पडलेले बारीक ओरखडे, म्हणजेच बोलीतले ‘स्वर्ल’, घासून काढण्यासाठी फोम, मायक्रोफायबर किंवा लोकरीचे पॅड बसवलेले हातयंत्र वापरतात. काळ्या, गडद निळ्या किंवा मरून गाडीसाठी असे यंत्र घेताना मोटरच्या वॅटपेक्षा पॅड कशा रीतीने फिरते हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. पांढऱ्या गाडीवर चुकीचे यंत्र चालले तरी ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काळ्या गाडीवर तीच चूक पुढच्या उन्हात बॉनेटवर उघडी पडते.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांमध्ये रंगाच्या थरावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून येताना त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. स्वर्ल या थराच्या वरच्या काही मायक्रॉनमध्येच असतात. ओरखड्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि तो विखुरलेला पांढुरका प्रकाश काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला की दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. खरे तर ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले दिव्याच्या दिशेला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. टॉर्च सरकवला की वर्तुळही सरकते. वर्तुळ जागचे हलले नाही, तर तो स्वर्ल नसून दुसराच काही डाग आहे असे समजावे.

ठाणे आणि नवी मुंबईत हे ओरखडे पडायला फार काही लागत नाही. घोडबंदर रस्त्यावरची बांधकामे आणि मेट्रोचे काम, ठाणे-बेलापूर रस्त्यावरची अवजड वाहतूक यांची धूळ रात्रभर गाडीवर बसते. सकाळी सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एकाच बादलीत तोच फडका बुचकळून ओळीने सगळ्या गाड्या पुसत जातो. फडक्यात अडकलेला कण पहिल्या गाडीवरून शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचतो. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण एवढ्या पाण्यात आणि एवढ्या वेळात गाडी दुसऱ्या कोणत्या पद्धतीने पुसून होणार? धुळीवरच घातलेले कापडी कव्हरही वाऱ्याने घासत राहते आणि तोच परिणाम करते. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे डाग ही वेगळी तक्रार आहे. नुसत्या पॉलिशने ते सगळे जातीलच असे नाही.

यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. त्यांतले रोटरी सर्वांत जुने आणि गॅरेजमध्ये सर्वाधिक दिसणारे. त्याचे पॅड एकाच मध्याभोवती गोल फिरते, मोटरचा जोर थेट पॅडपर्यंत पोहोचतो आणि पॅड कितीही दाबले तरी सहसा थांबत नाही. १५० मिमीचे पॅड मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर त्याची कड मिनिटाला सुमारे ७०० मीटर अंतर घासते आणि मध्यबिंदू जवळपास जागच्या जागी असतो. त्यामुळे उष्णता कडेला साठते. यंत्र क्षणभर जरी एका जागी राहिले किंवा पॅनेलच्या धारेवर चढले, तरी क्लिअर कोट जळू शकतो. धारांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. प्लास्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, म्हणून तिथे धोका आणखी वाढतो. रोटरीचा दुसरा दोष काळ्या रंगावरच ठळकपणे कळतो. पॅडच्या एकसारख्या फिरण्याने रंगावर लाटांसारखे पट्टे उमटतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. गॅरेजमधून चकचकीत होऊन आलेल्या काळ्या गाडीवर आठवडाभराने हे पट्टे दिसू लागतात, कारण कंपाऊंडमधल्या, म्हणजे पॅडला लावायच्या घासणाऱ्या लेपातल्या, तेलाने आणि भरावाने तोवर ते झाकलेले असतात. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की झाकलेले सगळे तिथल्या तिथे बाहेर येते. गाडी ताब्यात घेण्याआधी दरवाजाचा वीतभर भाग असा पुसून पाहण्यात कसला संकोच नको.

दुसरा प्रकार ड्युअल ॲक्शनचा, थोडक्यात डीए. यात पॅड मध्यापासून सरकलेल्या आसावर लहान वर्तुळात झुलते आणि त्याच वेळी स्वतःभोवती मोकळेपणाने फिरते. झुलण्याच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. तो ८, १२, १५ किंवा २१ मिमी असतो. १५ मिमी थ्रोचे यंत्र मिनिटाला ४,५०० झुले घेत असेल, तर प्रत्येक झुल्यात पॅड ४७ मिमी आणि मिनिटाला सुमारे २१० मीटर घासते. घासण्याची दिशा सतत बदलत राहते, त्यामुळे उष्णता कमी साठते आणि होलोग्रामही सहसा उमटत नाहीत. मात्र जोरात दाबले किंवा वळणावर पॅड तिरके झाले की स्वतःभोवतीचे फिरणे थांबते. यंत्र गुणगुणत राहते, काम मात्र होत नाही. यावरचा उपाय अगदी साधा आहे. पॅड ज्यावर बसते त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक उभी रेघ ओढावी. रेघ फिरताना दिसत असेल तर काम चालू आहे, एका जागी थरथरताना दिसली तर दाब कमी करावा.

इटलीच्या रुपेस कंपनीच्या बिगफूट मालिकेतून १५ आणि २१ मिमी थ्रोची यंत्रे सर्वदूर पोहोचली. २१ मिमीचे यंत्र मोठ्या, सपाट बॉनेटवर आणि छतावर झपाट्याने काम उरकते. आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकच्या दरवाजांवरच्या रेषा आणि खोबणी यांवर मात्र ते अडखळते. घरच्या एकदोन गाड्यांसाठी १२५ मिमी प्लेट असलेले १५ मिमी थ्रोचे डीए सर्वांत सोयीचे. ८ मिमीवर कामाला वेळ जास्त लागतो, पण शिकाऊ हाताला ते क्षमाशील आहे.

तिसरा प्रकार सक्तीच्या फिरण्याचा. यात झुलणे आणि फिरणे दोन्ही गिअरने जोडलेले असते, म्हणून दाबामुळे पॅड सहसा थांबत नाही. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचे ८ मिमी थ्रोचे एक्ससी ३४०१ हे या प्रकारातले प्रसिद्ध यंत्र. कठीण क्लिअर कोटवर आणि वळणांवर ते उपयोगी पडते. जर्मन गाड्यांचा क्लिअर कोट कठीण आणि जपानी गाड्यांचा मऊ, असे डिटेलिंग (गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश) करणारे मानतात. ढोबळपणे ते खरे आहे, पण पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर हा नियम चालत नाही. मऊ काळा रंग सर्वांत त्रासदायक. त्यावरचे ओरखडे लवकर निघतात आणि तितक्याच लवकर पॅडचे नवे ओरखडे उमटतात, धुकट झाक राहते. अशा वेळी यंत्र बदलण्याआधी मऊ फोम आणि बारीक पॉलिश घेऊन पाहावे. पॅडच्या रंगावरून कडकपणा ठरवू नये, प्रत्येक कंपनीची रंगसंगती वेगळी असते.

खरेदीत वॅटचा आकडा फसवा ठरतो. ५०० वॅटचे चांगले डीए ९०० वॅटच्या स्वस्त यंत्रापेक्षा सरस काम करू शकते. वेग ठरवण्याची चकती, बटण दाबल्यावर हळूहळू वेग घेण्याची सोय, भाराखाली वेग टिकणे, हाताला जाणवणारी थरथर आणि वजन या गोष्टी पाहाव्यात. मुंबईत नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात किंवा ठाण्यात वागळे इस्टेटच्या आसपास चौकशी करताना बॅकिंग प्लेट आणि मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश सुटे मिळतात का, हे आधी विचारावे. चार इंची ग्राइंडरवर फोमचे पॅड चढवून काम भागवणारे कारागीर दिसतात. तो ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, रोटरी पॉलिशर मात्र ६०० पासून सुरू करता येतो. ती काटकसर रंगाला आणि हाताला सारखीच धोक्याची.

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाबरोबर मागवलेले १२० व्होल्टचे यंत्र इथल्या २३० व्होल्टवर थेट लावले तर जळते. त्यासाठी पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो यंत्रापेक्षा जड असतो. भारतीय प्लगचे ९०० वॅटचे यंत्र साधारण ४ अँपिअर घेते, त्यामुळे घरातले साधे ६ अँपिअरचे सॉकेट पुरते. अडचण असते ती सॉकेट पार्किंगपर्यंत आणण्याची. पोडियमवरच्या किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये बहुधा सॉकेट नसते, आणि वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढायची तर सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारावे लागते. बॅटरीवरचे यंत्र ही अडचण सोडवते, पण १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा असते. यंत्र ३०० वॅट ओढत असेल तर ती सुमारे १८ मिनिटे पुरते. अख्ख्या गाडीसाठी अनेक बॅटऱ्या आणि चार्जर लागतो.

एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाऊंड लगेच सुकते आणि त्याची पावडर उडते, म्हणून सकाळी सावलीत काम करावे. गाडी धुऊन, क्ले (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी) फिरवून झाल्यावर बॉनेटच्या साधारण दीड फूट चौकोनात आधी सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिश लावून पाहतात. ओरखडे तेवढ्याने गेले नाहीत तरच पुढची पायरी घेतात. यंत्र सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतके सावकाश सरकवायचे आणि आडव्या-उभ्या फेऱ्या एकमेकींवर अर्ध्या चढवायच्या. रबरी पट्ट्या, बॅज आणि धारांवर मास्किंग टेप लावतात. जाडी मोजणारे मीटर मिळाले तर उत्तम, मात्र साधे मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही.

आरशामागचे खांब, दरवाजाच्या मुठींखालचा भाग आणि स्पॉइलर यांसाठी ७५ मिमी पॅडचे छोटे यंत्र लागते, पण ते नंतर घेतले तरी चालते. मॅट रंगावर आणि विनाइल रॅपवर यांपैकी कोणतेही यंत्र फिरवू नये. नखाला लागणारा ओरखडा क्लिअर कोटच्या बऱ्याच खोल गेलेला असतो. तो यंत्राने घालवण्याच्या प्रयत्नात कोट संपतो, म्हणून त्याच्या फक्त कडा मऊ करून थांबतात. छतावर वर्षानुवर्षे ऊन खाऊन क्लिअर कोट पापुद्रे सुटू लागला असेल, तर ते काम पॉलिशरचे नाही, पेंटरचे आहे.