ड्रिल तोंडात, नजर पडद्यावर

खालच्या जबड्याच्या हाडात, दाढांच्या मुळांखालून एक बारीक बोगदा जातो. ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस त्यातूनच येते. काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, बसवताना डॉक्टरांना धास्ती असते ती हिची. तिला इजा झाली तर अर्धा ओठ बधिर होतो, चहा ओघळला तरी कळत नाही. म्हणून स्क्रूचं टोक आणि नस यांच्यात निदान २ मिलिमीटर हाड राखायचं, हा नेहमीचा हिशोब.

१९६५ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात असे स्क्रू पहिल्यांदा बसवले, तेव्हा सगळी भिस्त एक्स-रे आणि हातावर होती. आता सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी एक्स-रे स्कॅनमुळे जबडा तिन्ही बाजूंनी दिसतो. पण स्कॅन राहतो कॉम्प्युटरवर आणि ड्रिल असतं तोंडात. या दोघांची गाठ घालून देणं हेच नेव्हिगेशनचं काम.

खुर्चीच्या वर दोन कॅमेरे असतात. दोन का? एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, अंतराचा अंदाज लगेच चुकतो. गंमत म्हणजे या कॅमेऱ्यांना ना हाड दिसतं, ना नस. त्यांना दिसतात फक्त दोन खुणेच्या पट्ट्या, एक ड्रिलवर लावलेली आणि दुसरी दातांवर क्लिपने बसवलेली. दातांवरच्या पट्टीचा स्कॅनमधल्या जबड्याशी मेळ आधीच घातलेला असतो, आणि ड्रिलवरच्या पट्टीपासून ड्रिलचं टोक किती लांब, हेही मोजून ठेवलेलं असतं. ड्रिलची सुई बदलली की लांबी बदलते, मग पुन्हा मोजायचं. पडद्यावर नेमबाजीसारखं वर्तुळ येतं: जागा, कोन आणि खोली, तिन्ही एकदम. डॉक्टर तोंडात न बघता समोर बघतात. पहिल्यांदा पाहणाऱ्या पेशंटला हे जरा विचित्रच वाटतं.

थ्रीडी प्रिंट केलेला, भोकं असलेला साचा दातांवर चढवूनही नेम साधता येतो. एकदोन दातांसाठी तो पुरेसा आहे, असं माझं मत. मात्र तो जागा अडवतो, गार पाणी भोकापर्यंत नीट पोचू देत नाही आणि हाड ४७ अंशांवर मिनिटभर जरी तापलं तरी दुखावतं. शिवाय ऐनवेळी बेत बदलायचा झाला तर साचा निरुपयोगी. नेव्हिगेशनमध्ये ही अडचण नाही.

तरीही ते अचूक म्हणजे सरासरी साधारण १ मिलिमीटरच्या फरकाने. त्या २ मिलिमीटरमधला निम्मा इथेच गेला! आणि दातावरची क्लिप केसभर जरी सरकली, तरी पडदा तितक्याच ठामपणे चुकीची जागा दाखवत राहतो.

म्हणून भोक पाडण्याआधी डॉक्टर ड्रिल बंद ठेवून त्याचं टोक शेजारच्या दाढेच्या उंचवट्यावर टेकवतात आणि पडद्याकडे बघतात. तिथेही टोक त्याच उंचवट्यावर टेकलेलं दिसलं तर पाय पेडलवर जातो. हवेत तरंगताना दिसलं तर क्लिप काढून सगळं पुन्हा पहिल्यापासून.