अंगणातलं कृत्रिम लॉन आणि पटिंग ग्रीन: फरक कुठे असतो

नमुन्याचे दोन तुकडे शेजारी ठेवले तर दोन्ही हिरवे, दोन्ही प्लास्टिकचे, दोन्हींच्या पाठीला पाणी जाण्यासाठी छिद्रं. म्हणून अनेकांना वाटतं की परसात कृत्रिम लॉन टाकायचंच आहे, तर त्यातच एक भोक पाडून घेऊ, गोल्फमधल्या पटिंगचा, म्हणजे चेंडू जमिनीवरून हळूच ढकलून भोकात घालण्याचा, सरावही होईल. तो होत नाही, कारण लॉन चालण्या-बसण्यासाठी बनवतात आणि ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची आखूड पात्यांची हिरवळ, चेंडू सरळ धावण्यासाठी.

पहिला फरक मोजपट्टीने मोजता येतो. शोभेच्या लॉनचं पातं साधारण ३० ते ४५ मिलिमीटर उंच असतं. गोल्फच्या चेंडूचा नियमानुसार किमान व्यास ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे पातं जवळजवळ चेंडूएवढंच. चेंडू त्यावर टेकतो तेव्हा पाती दबतात, तो थोडा आत रुततो आणि पुढे जाण्यासाठी त्याला प्रत्येक पातं वाकवत जावं लागतं. त्यात लॉनची पाती सगळी एकाच बाजूला झुकलेली असतात, त्यामुळे एका दिशेने मारलेला चेंडू लांब जातो आणि उलट दिशेने मारलेला लवकर थांबतो. पटिंग ग्रीनचं पातं साधारण १० ते १५ मिलिमीटरचं, दाट आणि कुरळं असतं. चेंडू त्याच्या टोकांवरून धावतो.

धागाही वेगळा. लॉनला पॉलिथिलीन वापरतात, कारण ते हाताला, पायाला मऊ लागतं. ग्रीनला नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन ताठ असतो, स्वतःच्या बळावर उभा राहतो, त्याला वाळू फारशी लागत नाही. पॉलिप्रॉपिलीन नरम असल्याने त्यात बारीक वाळू जवळजवळ टोकापर्यंत भरावी लागते. लॉनमध्येही वाळू भरतातच, पण तिथे तिचं काम गालिच्याला वजन देणं आणि पाती उभी ठेवणं एवढंच. ग्रीनमध्ये वाळूच चेंडूचा वेग ठरवते. रोलर फिरवून ती दाबली की चेंडू जलद धावतो, ब्रशने पाती उठवली की मंदावतो. वेग स्वतःच्या हाताने कमीजास्त करण्याची हौस असेल तर वाळूचं ग्रीन घ्यावं, देखभालीला वेळ नसेल तर नायलॉनचं.

हा वेग मोजण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन गोल्फपटूने १९३५ मध्ये स्टिम्पमीटर तयार केला. यूएसजीए या अमेरिकी गोल्फ संघटनेने १९७० च्या दशकात तो सुधारून ॲल्युमिनियमचा केला. ३६ इंच लांबीच्या पन्हाळीत चेंडू ठेवून तिचं एक टोक हळूहळू उचलायचं. चेंडू आपोआप सुटतो आणि जितके फूट धावतो तो त्या ग्रीनचा वेग. एका दिशेने तीन चेंडू, उलट दिशेने तीन, मग सरासरी. रोजच्या खेळाच्या मैदानांवर हा आकडा साधारण ८ ते १० असतो. शोभेच्या लॉनवर चेंडू याच्या जवळपासही जात नाही. त्यावर सराव केला तर हाताला जोराने मारायची सवय लागते, आणि खऱ्या ग्रीनवर तीच सवय नडते.

पण खरा फरक गालिच्याखाली आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लॉनखाली खडीचा थर दाबून सपाट केला की भागतं, कारण बोटभर खोलगट जागा उंच पात्यांत लपून जाते. ग्रीनखाली काहीच लपत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटाही चेंडूला वळवतो. म्हणून तिथे खडीवर दगडाच्या भुकटीचा थर पसरतात, पाणी शिंपडून यंत्राने दाबतात, लांब पट्टी फिरवून उंचसखलपणा शोधतात आणि पुन्हा भरतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण पैसे कमी असतील तर स्वस्त गालिचा घ्या, पायावर काटकसर करू नका. गालिचा पुढे बदलता येतो. बिघडलेला पाया दुरुस्त करायचा तर सगळं उचलावं लागतं.

उतारही याच थरात घडवायचा असतो. लॉनला उतार फक्त पाणी वाहून जाण्यासाठी हवा. ग्रीनला तो खेळासाठीही हवा, पण बेताने. भोकाभोवती १ ते २ टक्के पुरे, म्हणजे तीन मीटरमागे तीन ते सहा सेंटिमीटर. त्याहून फार चढवलात तर वेगवान ग्रीनवर चुकलेला चेंडू भोकाजवळ थांबतच नाही. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर हे माप १८९१ पासून ठरलेलं आहे. त्याचा कप गालिच्याआधी पायात बसवतात, तळाशी पाणी झिरपायला खडी ठेवतात आणि मग वरून गालिचा कापतात. म्हणून भोकं कुठे हवीत हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

दोन्ही गालिचे एकाच परसात छान नांदतात. ग्रीनच्या कडेला उंच पात्याचं लॉन लावलं की तिथून चिपिंगचा, म्हणजे चेंडू थोडा उचलून ग्रीनवर टाकण्याचा, सराव होतो. तिथला पाया मात्र पात्यांच्या उंचीतल्या फरकाइतका खाली ठेवावा लागतो, नाहीतर कडेला पायरी तयार होते. खुर्च्या, टेबलं लॉनवर ठेवा, ग्रीनवर त्यांच्या पायांचे खड्डे पडतात. उन्हात दोन्ही चांगलेच तापतात, आणि उष्णता परतवणाऱ्या काचांच्या खिडक्यांवरून एकवटून येणारं ऊन तर दोन्हींचे धागे वितळवू शकतं. जागा ठरवताना समोरच्या भिंतीकडेही बघून घ्या.

कंत्राटदार ग्रीन करून देतो म्हणाला, तर पाया तयार झाल्यावर, गालिचा उलगडण्याआधी, त्यावर पाइपने पाणी मारायला सांगा. ओसरल्यावर जिथे थारोळं उरेल तिथे भुकटी भरून पुन्हा दाबून घ्या, आणि मगच गालिचा टाकू द्या.