फायर सर्व्हिस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (कम्युनिटी कॉलेजातला कोर्स)

अग्निशमन दल कसं चालवायचं हे शिकवणारा, अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत (स्थानिक, दोन वर्षांच्या कॉलेजांत) असणारा दोन वर्षांचा, साधारण 60 क्रेडिटचा असोसिएट डिग्रीचा (बॅचलर्सच्या आधीच्या डिग्रीचा) कोर्स. नावावरून वाटतं होज (पाण्याचा पाइप) धरायला शिकवत असतील, पण ते काम फायर अकॅडमीचं, म्हणजे जवानांच्या ट्रेनिंग सेंटरचं. इथला विद्यार्थी बरेचदा आधीच दलात नोकरीला असतो आणि त्याला तिथेच लेफ्टनंट, कॅप्टन, जमलंच तर चीफ व्हायचं असतं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण थेट 1903 पर्यंत मागे जातात, तेव्हा शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये फायर प्रोटेक्शन इंजिनिअरिंग सुरू झालं, पण ते पडलं इंजिनिअरिंग, दल चालवण्याशी त्याचं नातं लांबचं. दुसरे ओक्लाहोमाचं नाव घेतात, तिथे 1930 च्या दशकाच्या शेवटाकडे (बहुधा 1937) दोन वर्षांचा कोर्स निघाला. हे जास्त पटतं, तरी तेही कम्युनिटी कॉलेज नव्हतंच. आजचं रूप 1966 ची विंगस्प्रेड परिषद (अग्निशमन सेवेच्या भवितव्यावरची) आणि 1973 चा 'अमेरिका बर्निंग' हा देशातल्या आगींवरचा सरकारी अहवाल यांच्यानंतरचं धरलेलं बरं. त्या अहवालामागोमाग 1974 चा कायदा आला, त्यातून नॅशनल फायर अकॅडमी ही केंद्र सरकारची संस्था उभी राहिली, आणि पुढे तिच्याच पुढाकाराने फेशी नावाचा मॉडेल अभ्यासक्रम तयार झाला, म्हणजे आग कशी पेटते-पसरते, बिल्डिंगचं बांधकाम, स्प्रिंकलर-अलार्म, आग प्रतिबंध वगैरे पेपर सगळीकडे साधारण सारखेच.

प्रशासनाच्या पेपरात मुख्य भांडण माणसं आणि पैशांचं. एनएफपीए (नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन) या संस्थेचं 1710 नंबरचं स्टँडर्ड म्हणतं की आगीचा कॉल आला की 80 सेकंदांत गाडी निघावी, पहिली गाडी 240 सेकंदांच्या प्रवासात पोचावी आणि तिच्यावर किमान चार जण असावेत. आता चार जण चोवीस तास हवेत आणि शिफ्ट तीन, म्हणजे एका गाडीला 12 माणसं झाली, त्यात रजा, आजारपण, ट्रेनिंग धरलं की आकडा आणखी वर जातो, आणि हे सगळं सिटी कौन्सिलपुढे बजेटमध्ये बसवून दाखवायचं.

हजेरीचा घोळ वेगळाच. 24 तास ड्युटी, 48 तास सुट्टी हे चक्र तीन दिवसांचं आणि आठवडा सातचा, त्यामुळे मंगळवारचा क्लास असेल तर दर तिसरा मंगळवार बुडणारच. म्हणून कुठे तोच तास दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतात, आणि आता बराच कोर्स ऑनलाइन गेलाय.

डिग्री अप्लाइड सायन्सची असेल तर पुढे बॅचलर्सला सगळे क्रेडिट धरले जातीलच असं नाही, अ‍ॅडमिशनच्या वेळी हे विचारलेलं बरं.

आपल्याकडे याच्या जवळपास जाणारं म्हणजे नागपूरचं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज, 1956 ला रामपूरला सुरू होऊन पुढच्या वर्षी नागपूरला आलेलं. पण ते केंद्र सरकारचं, आणि तिथले सब ऑफिसर, डिव्हिजनल ऑफिसर वगैरे कोर्स पदाप्रमाणे लावलेले आहेत.