खेकड्याचा सीझन ठरल्या तारखेला का उघडत नाही, त्यामागची पार्श्वभूमी

ऑक्टोबर संपत आला की कॅलिफोर्नियात हौसेनं खेकडे पकडणाऱ्या मंडळींची कुरकुर सुरू होते. नियमपुस्तकात नोव्हेंबरचा पहिला शनिवार स्वच्छ लिहिलाय, मग सापळे टाकू नका असं राज्याचं मासेमारी खातं ऐन वेळी कसं सांगतं? राग समजण्यासारखा आहे, बोट, पेट्रोल, आमिष, सुट्टी सगळं जुळवून बसलेलं असतं माणूस. पण हा घोळ एका वर्षात झालेला नाही, आणि गंमत म्हणजे खेकडे कमी झालेत म्हणून तर अजिबातच झालेला नाही.

हा खेकडा म्हणजे डंजनेस. नाव वॉशिंग्टन राज्यातल्या डंजनेस गावावरून पडलं, आणि त्या जागेला ते नाव जॉर्ज व्हँकूव्हरने १७९२ मध्ये इंग्लंडमधल्या एका भूशिरावरून दिलं होतं. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत हा सापडतो. सॅन फ्रान्सिस्कोत याची धंदेवाईक पकड १८४८ च्या आसपास, सोन्याच्या धावपळीच्या काळात सुरू झाली आणि पन्नासेक वर्षांतच लोकांच्या लक्षात आलं की हे असंच चालू ठेवलं तर काही उरणार नाही.

मग कायदे आले, आणि कुठलाही कॉम्प्युटर नसताना, समुद्रात खेकडे किती आहेत याची गणती नसताना आले. १८९७ मध्ये मादी पकडायला बंदी, १९०३ मध्ये बंद काळ, १९०५ मध्ये किमान ६ इंचांचं माप. झालं, एवढंच. तिकडे याला तीन एस म्हणतात, म्हणजे साइझ, सेक्स आणि सीझन. सव्वाशे वर्षं झाली तरी गाभा तोच आहे. शिकार आणि मासेमारीचे इतके टिकलेले नियम मला तरी दुसरे पटकन आठवत नाहीत.

हे चाललं कसं, ते खेकड्याच्या अंगात आहे. मादी कात टाकते तेव्हा तिचं कवच मऊ असतं आणि मीलन तेव्हाच होतं, नर तिला आधीपासून काही दिवस धरून बसतो. एक मादी पंचवीस लाखांपर्यंत अंडी पोटाखाली वागवते, त्यामुळे धंदेवाल्यांनी तिला हात लावायचा नाही. नर मात्र साधारण ४ इंचांचा झाला की वयात येतो आणि कायदेशीर मापाला पोचायला त्याला चारेक वर्षं लागतात, म्हणजे पकडला जाईपर्यंत त्याने एकदा-दोनदा तरी आपलं काम करून ठेवलेलं असतं, शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे मापातले बहुतेक नर दरवर्षी उचलले गेले तरी पुढची पिढी येत राहते. पकड वर-खाली होते, कधी भयंकर होते, साठच्या दशकाच्या सुरुवातीला मध्य कॅलिफोर्नियात ती इतकी घसरली की कित्येक वर्षं सावरलीच नाही, पण तरी जात टिकून राहिली.

बंद काळाचं कारण त्याहून साधं. नरानेसुद्धा कात टाकली की नवीन कवच मोठं असतं आणि आत मांस कमी, पाणीच जास्त. असा पोकळ खेकडा शिजवून निराश झालेल्या माणसाला सीझनचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. तो कवच कडक होईपर्यंत थांबला तर भरतो, आणि मऊ असताना हाताळला तर परत सोडल्यावरही मरायची शक्यता जास्त.

मापाची गोष्ट थोडी वैतागाची, कारण एकच खेकडा आणि राज्यागणिक नियम वेगळे. धंदेवाल्यांना सव्वासहा इंच. हौशी माणसाला कॅलिफोर्नियात पावणेसहा इंच आणि दिवसाला १०, ओरेगॉनमध्ये पावणेसहाच पण फक्त नर आणि १२, आणि तिथे समुद्रातली पकड १६ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर बंद असली तरी खाड्या वर्षभर उघड्या. वॉशिंग्टनच्या प्युजेट साउंड या मोठ्या खाडीत सव्वासहा इंच, ५ नर, वर पकडलेला प्रत्येक खेकडा कार्डावर लिहायचा. माप कवचाच्या रुंदीचं असतं पण टोकाचे काटे सोडून, त्यांच्या जरा पुढे पट्टी लावायची. नवखे लोक काट्यांसकट मोजतात आणि दंड भरतात.

प्युजेट साउंडच्या त्या कडक कार्डामागे कोर्टाचाही इतिहास आहे. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की जुन्या करारांप्रमाणे तिथल्या मूलनिवासी जमातींना सामन माशांचा अर्धा वाटा मिळायला हवा. १९९४ मध्ये न्यायाधीश राफीडी यांनी तोच हक्क शिंपले आणि खेकड्यांना लावला. मग उरलेल्या अर्ध्यात धंदेवाले आणि हौशी दोघांना बसवायचं, म्हणजे कोण किती पकडतोय याचा हिशेब ठेवणं आलंच.

आणि सॅन फ्रान्सिस्को बेच्या आत डंजनेसला हातच लावायचा नाही, कारण लहान खेकडे तिथे येऊन वाढतात, ती त्यांची पाळणाघराची जागा. तिथल्या धक्क्यावर बसून ज्या रॉक क्रॅबवर लोक खूश असतात तो वेगळा प्राणी, त्याचं माप ४ इंच आणि मर्यादा ३५. हे दोन्ही ओळखता न येणं हा तिथला सगळ्यात नेहमीचा गुन्हा असावा असं माझं आपलं मत.

इथपर्यंत सगळे नियम खेकड्यासाठी होते. २०१५ पासून गोष्टच बदलली.

त्याआधी थोडं मागे जाऊ. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शिंपल्यांतून शंभरावर माणसं आजारी पडली, ३ गेली, आणि काहींची स्मरणशक्ती कायमची बिघडली. कारण निघालं डोमोइक ॲसिड, एका सूक्ष्म शेवाळातून येणारं विष. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बेमध्ये पेलिकन पक्षी मेले तेव्हा कळलं की हे पश्चिम किनाऱ्यावरही आहे. शिजवून ते जात नाही, आणि जास्त साठतं ते खेकड्याच्या कवचातल्या आतड्यात-गरात, जो काही लोकांना सगळ्यात प्रिय. म्हणून आतड्यात ३० पीपीएमची (दहा लाख भागांत ३०) मर्यादा ठरली, त्यावर गेलं की पकड बंद.

तर २०१४-१५ मध्ये पॅसिफिकमध्ये गरम पाण्याचा एक प्रचंड पट्टा तयार झाला, शास्त्रज्ञांनी त्याला ब्लॉब म्हटलं, आणि त्यात ते शेवाळ तुफान वाढलं. २०१५ चा हौशी सीझन ७ नोव्हेंबरला उघडायचा होता, दोन दिवस आधी बंद जाहीर झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये दक्षिणेकडचा थोडा भाग उघडला आणि धंदेवाल्यांना तर मार्चच्या शेवटापर्यंत थांबावं लागलं.

आता खरी गुंतागुंत इथे आहे. गरम पाण्यामुळे खोल समुद्रातलं क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) कमी झालं, म्हणून हंपबॅक देवमासे अँचोव्ही मासे खायला किनाऱ्याजवळ आले. एरवी वसंतात ते परत येतात तेव्हा खेकड्याच्या सापळ्यांची गर्दी ओसरलेली असते, कारण बहुतेक पकड सुरुवातीच्या काही आठवड्यांतच होऊन जाते. या वेळी सीझनच उशिरा सुरू झाला, आणि तळाच्या सापळ्यांपासून वर येणारे उभे दोर आणि देवमासे एकाच पाण्यात एकाच वेळी आले. २०१६ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर दोरात अडकलेल्या देवमाशांचे ७१ रिपोर्ट आले, त्यातले ४८ पक्के ठरले. सगळे खेकड्याच्याच दोरात होते असं नाही, पण दोष त्यांच्यावरच आला, आणि चुकीचा आला असंही नाही. शेवाळाच्या विषापासून माणसं वाचवायला सीझन पुढे ढकलला आणि त्याने देवमासे अडकवले, असा हा उलटा हिशेब झाला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये एका पर्यावरण संघटनेने राज्याच्या खात्यावर केस केली, मार्च २०१९ मध्ये तडजोड झाली आणि त्या वर्षी धंदेवाल्यांचा सीझन १५ एप्रिललाच आटोपला. नोव्हेंबर २०२० पासून नवी पद्धत आली, समुद्राचे भाग पाडायचे, विमानातून आणि बोटीतून देवमासे मोजायचे, आकडा ठराविक पातळीवर गेला की त्या भागात सापळे बंद. नोव्हेंबर २०२१ पासून हे हौशी लोकांनाही लागू झालं. एका माणसाला जास्तीत जास्त १० सापळे, बोयावर, म्हणजे दोराच्या वरच्या टोकाच्या तरंगत्या खुणेवर, स्वतःचा ओळख क्रमांक आणि सोबत छोटा लाल बोया, वेगळं शुल्क, आणि ९ दिवसांत एकदा सापळा उचलून बघायचाच. जुना नियम होताच की सापळ्याला सव्वाचार इंचांची गोल भोकं हवीत, लहान खेकडे निसटावेत म्हणून, आणि झाकणाला सुती दोरी हवी, म्हणजे सापळा हरवला तर ती कुजून तोंड उघडतं, नाहीतर तो तळाशी पडून उगाच खेकडे मारत राहतो.

हौशी माणसाचं म्हणणं, आमचे दहा सापळे कुठे आणि त्यांचे शेकडो कुठे. आकड्यांत बरोबर आहे त्याचं. पण देवमाशाला एक दोर पुरतो, आणि हौशी माणसं संख्येने खूप आहेत, त्यामुळे खात्यालाही हात वर करता येत नाहीत.

मधला रस्ता निघाला तो हूप नेटचा. सापळ्यांवर बंदी असतानाही ही गोल जाळी बहुतेक वेळा चालतात, कारण ती पाण्यात सोडून घरी जाता येत नाही, दर २ तासांच्या आत वर ओढून बघावी लागते. म्हणजे दोर कधीच बेवारस राहत नाही. हात दुखतात, थंडीत बसावं लागतं, आमिष जास्त लागतं, म्हणून नोव्हेंबरच्या त्या पहिल्या शनिवारी धक्क्यावर जी माणसं दिसतात त्यातले बरेचजण आता हूप नेटवालेच असतात आणि सापळेवाले घरी बसून पुढची घोषणा कधी येते त्याची वाट बघत असतात.